रोमन सैनिकाचा पगार: २२५ देनारियस हा आकडा आला कुठून?

जेआरएफ लागली की घरापासून कॉलेजपर्यंत सगळे एकच प्रश्न विचारतात, "स्टायपेंड किती?" हा स्टायपेंड शब्द आला लॅटिनमधल्या 'स्टिपेंडियम'वरून, आणि स्टिपेंडियम म्हणजे रोमन सैनिकाचा पगार. म्हणजे तुम्ही उद्या ज्या गोष्टीची वाट बघत बँकेचं अ‍ॅप उघडून बसणार आहात, तिचीच वाट दोन हजार वर्षांपूर्वी ऱ्हाईनच्या काठावर छावणीत बसून कुणीतरी बघत होतं. तोही पगार महिन्याला मिळत नसे. वर्षातून तीनदा, म्हणजे दर चार महिन्यांनी एक हप्ता.

मी रसायनशास्त्रात पीएचडी करते, इतिहासात नाही. तरी हा विषय मुद्दाम घेतला. पीएचडीला प्रवेश घ्यायची तयारी करणारे बरेच जण मला विचारतात, "मूळ स्रोतापर्यंत जा असं सगळे सांगतात, पण जायचं म्हणजे नेमकं काय करायचं?" माझ्या विषयातलं उदाहरण दिलं तर निम्मे वाचक पहिल्याच समीकरणाला पळतील. पगाराचा हिशोब मात्र सगळ्यांना कळतो. तेव्हा आज एकच आकडा घेऊ, त्याच्या मुळापर्यंत जाऊ, आणि वाटेत संशोधनाच्या कोणत्या सवयी लागतात तेही बघू.

आकडा असा: सम्राट ऑगस्टसच्या काळात रोमन लीजनमधल्या साध्या सैनिकाला वर्षाला २२५ देनारियस मिळत.

आधी मीठ बाजूला ठेवू

तुम्ही हे कुठेतरी नक्की वाचलं असेल: रोमन सैनिकांना पगार मिठात मिळायचा, म्हणून सॅलरी हा शब्द आला. शाळेच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत आहे, व्हॉट्सअ‍ॅपवर आहे, मोठमोठ्या वक्त्यांच्या भाषणांत आहे. यातला अर्धा भाग खरा. लॅटिन 'सालारियम' हा शब्द 'साल', म्हणजे मीठ, यावरून आला आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात प्लिनी या लेखकाने या शब्दाचा मिठाशी संबंध जोडलेला आहे.

पण सैनिकांच्या हातावर पगार म्हणून मीठ ठेवलं जात होतं, असं सांगणारा एकही प्राचीन पुरावा नाही. सैनिकाच्या पगाराला शब्द होता स्टिपेंडियम, आणि तो नाण्यांत मोजला जाई. शब्दाची व्युत्पत्ती सांगते की शब्द कुठून आला. त्या काळी व्यवहार कसा होता, हे तिच्यावरून सिद्ध होत नाही. आपला 'पगार' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. म्हणून काय मराठी माणसाला पहिला पगार पोर्तुगीजांनी दिला असं कुणी म्हणेल का?

पहिली सवय इथेच लावून घ्या. एखादं विधान शंभर ठिकाणी दिसलं तरी ते शंभर पुरावे होत नाहीत. शंभर जणांनी एकाच ठिकाणाहून उचललेलं असू शकतं.

एककं: इथेच बहुतेक जण घसरतात

विज्ञानाचे विद्यार्थी असाल तर एककांचं महत्त्व तुम्हाला सांगायला नको. इतिहासातही तेच. ऑगस्टसच्या काळातलं कोष्टक साधारण असं:

१ ऑरियस (सोन्याचं नाणं) = २५ देनारियस
१ देनारियस (चांदीचं) = ४ सेस्टर्स
१ सेस्टर्स = ४ आस
म्हणजेच १ देनारियस = १६ आस

'आस' म्हणजे आशा नव्हे, तांब्याचं हलकं नाणं. आणि देनारियस तुमच्या ओळखीचा आहे. संस्कृत ग्रंथांत आणि गुप्तकाळातल्या लेखांत येणारा 'दीनार' हा त्याच शब्दाचा भारतीय अवतार.

आता अडचण बघा. देनारियस हा शब्दच 'दहा'वरून आला आहे. सुरुवातीला एका देनारियसचे दहाच आस होत. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकाच्या मध्याच्या सुमारास तो भाव १६ झाला. म्हणजे एखाद्या जुन्या मजकुरात "दहा आस" असं दिसलं, तर त्याचे देनारियस किती हे ठरवायला आधी कोणता भाव धरायचा ते ठरवावं लागतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, लगेच लागणार आहे.

पहिली वाट: बंडखोराची तक्रार

इसवी सन १४. ऑगस्टस नुकताच वारला होता. डॅन्यूब नदीकडच्या पॅनोनिया प्रांतात तीन लीजननी बंड केलं. त्यांचा पुढारी पर्सेनियस नावाचा एक साधा सैनिक. सैन्यात येण्याआधी तो नाटकवाल्यांसाठी टाळ्या पिटणाऱ्या टोळीचा म्होरक्या होता, त्यामुळे गर्दी कशी पेटवायची हे त्याला ठाऊक होतं. इतिहासकार टॅसिटसने त्याचं भाषण दिलं आहे. त्याचा मुद्दा थोडक्यात असा: आमचा देह आणि प्राण मिळून दिवसाची किंमत काय, तर दहा आस. त्यातूनच कपडे, त्यातूनच हत्यारं, त्यातूनच तंबू. आणि सेंच्युरियनचा मार चुकवायचा, कष्टाच्या कामातून सुट्टी घ्यायची, तर त्याची लाचही त्यातूनच. मागणी होती दिवसाला एक देनारियस आणि सोळा वर्षांनी सुटका.

आता गणित करू. दिवसाला १० आस, वर्षाचे ३६० दिवस धरले तर ३६०० आस. भागिले १६, उत्तर बरोबर २२५ देनारियस. ३६५ दिवस धरले तर २२८ आणि वर थोडं.

तुमच्यातला चिकित्सक म्हणेल, १६ नेच का भागायचं? रास्त शंका आहे, कारण प्लिनीने असं लिहून ठेवलंय की सैनिकांच्या पगारात देनारियस नेहमी दहा आसांचाच धरला जाई. पण तसं असेल तर दिवसाचे दहा आस म्हणजेच एक देनारियस झाला. मग पर्सेनियसच्या माणसांनी एका देनारियसची मागणी कशासाठी केली? जे मिळतंच आहे त्यासाठी कुणी जीव धोक्यात घालत नाही. म्हणजे टॅसिटसचा उतारा अर्थपूर्ण व्हायचा तर भाव १६ चाच धरावा लागतो. दोन स्रोत भांडतात तेव्हा मोठ्या नावाच्या बाजूने मत द्यायचं नाही. प्रत्येक स्रोत खरा धरला तर पुढे काय निष्पन्न होतं, हे तपासायचं.

अजून एक सावधगिरी. टॅसिटसने हे लिहिलं बंडानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी. पर्सेनियसचे शब्द कुणी रेकॉर्ड करून ठेवले नव्हते. प्राचीन इतिहासकार भाषणं स्वतः रचत असत. तेव्हा भाषण म्हणून ते पुरावा नाही. त्यातल्या आकड्याला मात्र दुसरीकडून दुजोरा मिळतो का, हे बघता येतं.

दुसरी वाट: तीन सोन्याची नाणी

सुमारे सत्तर वर्षं पुढे जाऊ. इसवी सन ८३-८४ च्या सुमारास सम्राट डोमिशियनने सैनिकांचा पगार वाढवला. चरित्रकार सुएटोनियस सांगतो की त्याने चौथा हप्ता सुरू केला, माणशी तीन ऑरियसचा. तीन ऑरियस म्हणजे ७५ देनारियस. हा जर चौथा हप्ता, तर आधीचे हप्ते तीन. तेही तेवढेच असतील तर ३ गुणिले ७५, म्हणजे २२५.

इतिहासकार कॅसियस डिओ हीच वाढ वेगळ्या तऱ्हेने सांगतो. त्याच्या मते डोमिशियनने प्रत्येक वेळचे ७५ वाढवून १०० केले. एकाच्या म्हणण्याप्रमाणे हप्ते चार झाले, दुसऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे हप्ते तीनच राहिले पण मोठे झाले. तपशिलात मतभेद, पण दोघांचंही एकूण २२५ वरून ३०० वरच जातं. असं घडतं तेव्हा आकड्यावरचा विश्वास उलट वाढतो. दोघांनी एकमेकांची नक्कल केली असती, तर तपशीलही सारखाच आला असता.

तिसरी वाट: लाकडाची फळी

आत्तापर्यंतचे तिघेही लेखक, वरच्या वर्गातले, सैनिकाच्या तंबूपासून दूर असलेले. आता थेट सैनिकाकडे जाऊ. स्वित्झर्लंडमधल्या विंडिश या गावी व्हिन्डोनिसा नावाची रोमन छावणी होती. तिथे मेण लावलेल्या लाकडी पाट्या सापडल्या. त्यातल्या एका पाटीवर क्लुआ नावाच्या घोडेस्वाराची पावती आहे, तारीख २२ जुलै, इसवी सन ३८. आपल्याला ५० देनारियस मिळाले आणि पुढच्या स्टिपेंडियमचे ७५ मिळाले, अशी नोंद त्याने केली आहे.

पुन्हा तेच ७५. क्लुआ लीजनचा सैनिक नव्हता, सहायक दलातला होता, त्यामुळे हा पुरावा थेट जुळतो असं म्हणता येत नाही. पण एका हप्त्याला ७५ ही रक्कम सैन्याच्या हिशोबात प्रत्यक्ष वापरात होती, एवढं त्यातून पक्कं होतं.

एका बंडखोराचं भाषण, एका सम्राटाची पगारवाढ, एका घोडेस्वाराची पावती. तीन वेगळ्या प्रकारचे पुरावे एकाच आकड्याभोवती येतात. तुमच्या प्रबंधात "पुराव्यांचं त्रिकोणीकरण" नावाचं जे प्रकरण लिहायला सांगतील, ते हेच.

कागदावरचा पगार आणि हातातला पगार

आता खरा प्रश्न. २२५ मधले हातात किती यायचे?

इजिप्तच्या कोरड्या वाळूत पपायरस टिकतो. तिथला एक लॅटिन पपायरस आज जिनिव्हात आहे. त्यावर इसवी सन ८१ च्या सुमाराचा दोन सैनिकांचा वर्षभराचा हिशोब आहे. त्यातला एक क्विंटस ज्युलियस प्रोक्युलस, राहणार दमास्कस. हिशोब इजिप्तच्या चलनात, म्हणजे द्राख्मात आहे. चार द्राख्मांचा एक देनारियस धरतात, म्हणजे एक द्राख्मा साधारण एका सेस्टर्सएवढा.

पहिला हप्ता, जमा २४८ द्राख्मा:
चारा १०
अन्न ८०
बूट आणि पट्टे १२
छावणीतला सॅटर्नेलियाचा सण २०
कपडे ६०
एकूण कपात १८२, शिल्लक ६६

दुसरा हप्ता, जमा २४८:
चारा १०
अन्न ८०
बूट आणि पट्टे १२
'ध्वजांसाठी' ४
एकूण कपात १०६, शिल्लक १४२

तिसरा हप्ता, जमा २४८:
चारा १०
अन्न ८०
बूट आणि पट्टे १२
कपडे १४६
एकूण कपात २४८, शिल्लक शून्य

आधीची १३६ द्राख्मांची पुंजी त्याच्या खात्यावर होती. वर्षाअखेरीस ती ३४४ झाली.

आता कॅल्क्युलेटर घ्या. वर्षभरात जमा ७४४, कपात ५३६, बचत २०८. म्हणजे सुमारे ७२ टक्के पगार हातात येण्याआधीच गेला. त्यात अन्नावर २४० आणि कपडे-बूट मिळून २४२. पर्सेनियसने भाषणात जे सांगितलं, तेच इथे कारकुनाच्या अक्षरात दिसतं.

नीट बघितलं तर कपातींमध्येही दोन प्रकार आहेत. चारा, अन्न, बूट यांच्या रकमा तिन्ही हप्त्यांत तंतोतंत सारख्या. त्याच कागदावरच्या दुसऱ्या सैनिकाच्या, गायस व्हॅलेरियस जर्मानसच्या हिशोबातही त्याच. म्हणजे तुम्ही किती जेवलात, बूट खरंच झिजले की नाही, याच्याशी त्यांचा संबंध नव्हता. होस्टेलच्या मेसचं बिल जसं तुम्ही गावी गेलात तरी लागतं, तसं. कपड्यांची रक्कम मात्र बदलते. ती सैनिकाने प्रत्यक्ष काय घेतलं त्यावर अवलंबून असावी.

न जुळणारा आकडा फेकून देऊ नका

एक गोष्ट तुमच्या लक्षात आली का? एका हप्त्याचे ७५ देनारियस म्हणजे ३०० द्राख्मा व्हायला हवेत. प्रोक्युलसला मिळाले २४८. हे ५२ द्राख्मा गेले कुठे?

याच प्रश्नावर अभ्यासकांचा मोठा वाद आहे. मायकेल अलेक्झांडर स्पायडेल यांनी १९९२ मध्ये मांडणी केली की हे सैनिक सहायक दलातले होते आणि त्यांचा पगार लीजनच्या पगाराच्या पाच-षष्ठांश होता. ३०० चे पाच-षष्ठांश म्हणजे २५०. त्यातून एक टक्का वटाव वजा केला तर २४७.५, आणि पूर्णांकात २४८. गणित सुरेख बसतं. पण १९९४ मध्ये रिचर्ड ऑल्स्टन यांनी उलट बाजू मांडली: सहायक आणि लीजन या दोन्हींचा मूळ पगार सारखाच होता.

इथे शिकण्यासारखं असं की दोघांकडेही तेच पपायरस, त्याच पाट्या होत्या. डेटा एकच, मॉडेल दोन. आणि वादाचं मूळ हाच न जुळणारा आकडा. लॅबमध्ये एखादा बिंदू ग्राफच्या रेषेबाहेर गेला की तो खोडायचा मोह होतो. कित्येकदा खरा प्रश्न त्या बिंदूतच लपलेला असतो.

मसादाची पावती आणि इंटरनेटवरचा निष्कर्ष

इस्रायलमधल्या मसादा किल्ल्यावर १९६० च्या दशकात यिगाएल यादीन यांच्या उत्खननात अशीच एक पगारनोंद मिळाली. सैनिक गायस मेसियस, बैरूतचा. साल ७२ किंवा ७५, ते अक्षरं कशी वाचायची त्यावर ठरतं. स्टिपेंडियम मिळाला ५० देनारियस. त्यातून जवाचे १६, अन्नाचे २०, बुटांचे ५, चामडी पट्ट्यांचे २, तागाच्या अंगरख्याचे ७. बेरीज करून बघा, बरोबर ५०.

ही पावती समाजमाध्यमांवर अधूनमधून फिरते, आणि सोबत मथळा असतो: रोमन सैनिक सगळा पगार खर्च करून कफल्लक व्हायचा. वाचायला मजा येते, पण निष्कर्ष तपासा.

एक, ही एका हप्त्याची नोंद आहे, वर्षाची नाही. प्रोक्युलसच्याही तिसऱ्या हप्त्यात शिल्लक शून्यच आहे. तेवढाच तुकडा हाती आला असता तर त्यालाही आपण कफल्लक म्हटलं असतं, आणि त्याच्या खात्यावरचे ३४४ द्राख्मा आपल्याला दिसलेच नसते. दोन, अन्नाचा २० हा आकडा पपायरसवर पुसट आहे, तो पूर्ण खात्रीने वाचता येत नाही. म्हणजे बेरीज अचूक जुळते याचं कौतुक जरा जपून करायचं. तीन, जव बहुधा घोड्यासाठी होतं. घोडा नसलेल्या सैनिकाला हा खर्चच नव्हता. एका माणसाच्या एका हप्त्यावरून तीन लाखांच्या फौजेबद्दल बोलणं म्हणजे एकाच रीडिंगवर पेपर लिहिणं.

आणखी एक. आपल्याला जे हिशोब मिळाले ते इजिप्त आणि मसादासारख्या कोरड्या जागांतले. ब्रिटन किंवा ऱ्हाईनकडचे कागद ओलाव्याने बहुतांश कुजून गेले. आपला नमुना इतिहासाने निवडलेला नाही, हवामानाने निवडला आहे. हे वाक्य प्रत्येक डेटासेटसमोर बसून एकदा स्वतःला विचारायचं: हा माझ्यापर्यंत का पोचला, आणि जो पोचला नाही तो कसा असेल?

पगारवाटप आणि बचत

वाटप हा एक सोहळा असे. इसवी सन ७० मध्ये जेरुसलेमला वेढा पडलेला असताना पगाराचा दिवस आला. सेनापती टायटसने वेढा थांबवून सगळं सैन्य चिलखतांसह शत्रूच्या डोळ्यांसमोर उभं केलं आणि पगार वाटला. जोसेफस सांगतो, हे वाटप चार दिवस चाललं आणि शहरातले लोक तटावर दाटीवाटीने उभे राहून बघत होते. पगार वेळेवर होणं ही राज्याची ताकद दाखवायची पद्धत होती.

बचत छावणीतच राही. ध्वजधारी शिपायाकडे ती सांभाळायचं काम असे, म्हणून त्या जागेवर विश्वासू आणि लिहिता-वाचता येणारा माणूस लागे. व्हेजिशियस हा उशिराच्या काळातला लेखक सांगतो की दहा तुकड्यांच्या दहा थैल्या असत, शिवाय अकरावी थैली अंत्यविधीसाठी. सगळे थोडे थोडे पैसे टाकत, कुणी गेला की त्यातून त्याची क्रिया होई. प्रोक्युलसच्या 'ध्वजांसाठी ४' या नोंदीचा संबंध अशाच काही गोष्टीशी असावा.

एका जागी एवढा पैसा साठला की धोका येतोच. इसवी सन ८९ मध्ये ऱ्हाईनवरच्या सॅटर्नायनस या सेनापतीने बंड केलं. एकाच तळावरच्या दोन लीजनच्या ठेवींवर त्याची भिस्त होती असं सुएटोनियस सूचित करतो. त्यानंतर डोमिशियनने नियम केला: छावणीत कुणीही १००० सेस्टर्सपेक्षा जास्त ठेव ठेवायची नाही. आपल्या प्रोक्युलसची पुंजी ३४४, म्हणजे त्याला या नियमाची झळ लागली नसती.

पगाराबाहेरचं

भरती होताना वाटखर्च मिळे. दुसऱ्या शतकात इजिप्तमधून इटलीत आरमारात भरती झालेल्या एपियॉन नावाच्या पोराने वडिलांना लिहिलेलं पत्र आज उपलब्ध आहे. समुद्रात संकटातून वाचलो, इथे पोचल्यावर वाटखर्चाची तीन सोन्याची नाणी मिळाली, आणि आता माझं नाव अँटोनियस मॅक्झिमस, असं तो कळवतो. तीन सोन्याची नाणी, पुन्हा ७५ देनारियस.

नवा सम्राट आला की बक्षिसी. ऑगस्टसने मृत्युपत्रात लीजनच्या सैनिकांना माणशी ३०० सेस्टर्स ठेवले आणि राजधानीतल्या प्रेटोरियन रक्षकांना १०००. पुढे क्लॉडियसने गादीसाठी प्रेटोरियनांना माणशी १५,००० कबूल केले. १९३ मध्ये तर डिडियस ज्युलियानसने २५,००० ची बोली लावून सम्राटपद मिळवलं. जेमतेम दोन महिने टिकला.

आणि सर्वांत मोठी रक्कम निवृत्तीची. इसवी सन ५-६ च्या सुमारास ऑगस्टसने ठरवलं की लीजनच्या सैनिकाने वीस वर्षं पुरी केली की १२,००० सेस्टर्स. म्हणजे ३००० देनारियस, जवळजवळ साडेतेरा वर्षांचा पगार एकरकमी. त्यासाठी त्याने स्वतंत्र सैनिकी खजिना उघडला, पदरचे १७ कोटी सेस्टर्स त्यात घातले, आणि वारसाहक्कावर ५ टक्के व लिलावातल्या विक्रीवर १ टक्का कर त्या खजिन्याला जोडून दिला.

१७ कोटी भागिले १२,००० करा. साधारण १४ हजार माणसांची निवृत्ती एवढ्यात भागते. लीजन होत्या पंचवीस, प्रत्येकीत ढोबळमानाने पाच हजार माणसं. नुसता साध्या सैनिकांचा मूळ पगारच वर्षाला सव्वाअकरा कोटी सेस्टर्सच्या घरात जातो. आता कळेल की जुन्या सैनिकांना वीस वर्षं संपली तरी सोडत का नव्हते. पर्सेनियसच्या साथीदारांत तीस-चाळीस वर्षं नोकरी झालेले लोक होते, असं त्याचं म्हणणं. माणूस सोडला की पैसे द्यावे लागतात, आणि छावणीतच मेला तर लागत नाहीत.

त्या बंडाचं पुढे काय झालं? सम्राटाचा मुलगा ड्रूसस तिथे पोचला. त्याच रात्री चंद्रग्रहण लागलं, सैनिक घाबरले, जोर ओसरला. पर्सेनियसला ठार मारलं. ऱ्हाईनकडच्या सैन्यानेही त्याच वेळी बंड केलं होतं आणि सोळा वर्षांची सवलत पदरात पाडून घेतली होती. पुढच्याच वर्षी टायबेरियसने ती रद्द केली. कारण दिलं की खजिन्याला झेपत नाही. दहा आसांचा दर त्यानंतर जवळपास सत्तर वर्षं तसाच राहिला.

पगार वाढला, पण नाणं हलकं झालं

पुढची गोष्ट लवकर सांगते. सेप्टिमियस सेव्हरसने पगार वाढवला, त्याच्या मुलाने, कॅराकॅलाने, आणखी निम्म्याने वाढवला. कॅराकॅलाच्या वाढीचा बोजा वर्षाला ७ कोटी देनारियसचा होता, असा आकडा डिओच्या ग्रंथात येतो. पण त्याच काळात देनारियसमधली चांदी कमी होत गेली. नीरोने ६४ मध्ये सुरुवात केली होती, सेव्हरसच्या काळात ती निम्म्यावर आली. तिसऱ्या शतकात मग धान्य, कपडे, सामान यांच्या रूपातला वाटा महत्त्वाचा होत गेला आणि रोख पगाराची किंमत घसरली.

म्हणून "पगार दुप्पट झाला" असं वाचलं की लगेच विचारा, कशात मोजून? एकक स्थिर आहे का? नीरोने रोमच्या आगीनंतर धान्याचा भाव मापाला तीन सेस्टर्सपर्यंत उतरवला होता. त्या भावाने दिवसाच्या दहा आसांत साडेपाच किलोच्या आसपास गहू येई. गव्हात मोजलेला पगार नाण्यांतल्या पगारापेक्षा जास्त काही सांगतो. पण तोही भाव एका शहराचा, एका संकटाच्या वेळचा, हे विसरायचं नाही.

तुमच्यासाठी गृहपाठ

तुमच्या विषयात असा एखादा आकडा नक्की असेल, जो सगळे देतात आणि कुणी तपासत नाही. एखादा स्थिरांक, एखादी टक्केवारी, एखादं "अंदाजे एवढे". तो घ्या आणि वहीत पाच प्रश्न लिहा. पहिल्यांदा कुणी दिला? कोणत्या एककात? मोजून दिला की दुसऱ्या आकड्यावरून काढला? स्वतंत्र वाटेने दुजोरा आहे का? आणि कोणता पुरावा त्याच्याशी जुळत नाही?

पाचवा प्रश्न सोडू नका. पहिल्या चार प्रश्नांची उत्तरं तुमच्या परिचयाच्या प्रकरणात जातील. पाचव्याच्या उत्तरातून कदाचित प्रबंधाचा विषय मिळेल. प्रोक्युलसच्या २४८ द्राख्मांवर अभ्यासकांच्या कितीतरी वर्षांची मेहनत झाली आहे, आणि ते पैसे लिहिणाऱ्या कारकुनाला त्यात काही विशेष वाटलंही नसेल.

तुमचा आकडा सापडला की खाली लिहा. एककासकट.